पालला मुक्काम : पिशवीत काय भराल?

मैत्रिणींनो, घरच्यांची बॅग आपण नीट भरतो, स्वतःचं मात्र विसरतो. गटासोबत पिंप्राळ्याहून रावेर तालुक्यातल्या पालला 2 दिवस तंबूत राहायचं, तर आधी स्वतःच्या रोजच्या गोळ्या घ्या, एक दिवसाच्या जास्तच. मग पॅड आणि वापरलेले परत आणायला पिशवी. सातपुड्यात हिवाळ्याच्या रात्री गारठा असतो. घोंगडी, कानटोपी हवी. साप-विंचवाचं भय, म्हणून बॅटरी आणि बंद बूट. साप चावलाच तर आवळून बांधू नका, 108 ला फोन लावा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी टिकते. भरीत घरीच खाऊन निघा. पाण्याची बाटली प्रत्येकीची वेगळी. आणि रात्री बाहेर जावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका, जोडीने जा.