व्यसनी मनुष्य रोगी कीं गुन्हेगार?

घरांत कोणास क्षय झाला तर आपण तत्काळ वैद्याकडे धांवतों. परंतु घरांत कोणी व्यसनाधीन झाला तर दार लावून घेतों. वसई-विरारच्या पेठांतून वावरणाऱ्या आमच्या वाचकांस हा अनुभव नवा नाहीं. मुलगा रात्रीं उशिरां येतो, गल्ल्यांतील पैसे कमी भरतात, आईच्या अंगावरील एखादा दागिना दिसेनासा होतो. तरी 'लोक काय म्हणतील' या भयानें सारें कुटुंब मौन धरितें. हें मौनच व्यसनाचें मोठें भांडवल होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

संकट दूरचें नाहीं. ऑगस्ट २०२२ मध्यें मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकानें नालासोपाऱ्यांत सातशे किलोंहून अधिक मेफेड्रोन पकडलें. त्याची किंमत सुमारें १,४०० कोटी रुपये सांगण्यांत आली. तरुणांत 'एमडी' या नांवानें खपणारें हें रासायनिक विष २०१५ सालीं अमली पदार्थांच्या कायद्याखालीं आलें. गाळा वा खोली भाड्यानें देतांना केवळ अनामतीच्या रकमेकडे न पाहतां भाडेकरूचा धंदा कोणता, याची चौकशी करणें हें मालकाचें कर्तव्य आहे.

मात्र या बातम्यांनीं दारूचा विसर पडूं नये. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यानें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, दारूपायीं मदतीची गरज असलेले लोक देशांत सुमारें ५.७ कोटी आहेत. आणि दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या दर ३८ जणांत एकासच कांहीं उपचार मिळाला होता. बाकीचे ३७ कोठें असतात? ते याच दार लावलेल्या घरांत असतात.

कोणी म्हणेल, 'त्यानें विष आपल्या हातानें घेतलें, त्यानेंच भोगावें.' पहिला प्याला त्यानें आपण होऊन उचलला, हें आम्हांस मान्य आहे. परंतु पुढें मेंदूचें कार्यच पालटतें व मनांत असूनही हात थांबत नाहीं, असें आजचें वैद्यकशास्त्र सांगतें. म्हणूनच देवाची शपथ घालणें किंवा खोलींत कोंडणें हा उपाय नव्हे. अतिशय दारू पिणाऱ्याची दारू एकाएकीं तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो; प्रसंगीं जिवावर बेततें. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालींच गेले पाहिजेत. त्यानंतर कित्येक महिने समुपदेशन व सोबत लागते. मध्येंच एखादा पुन्हा घसरला, तर तो उलटलेला रोग समजून पुन्हा उपचार करावा.

कायदाही वाटतो तितका निष्ठुर नाहीं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमान्वयें, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यसनीनें स्वेच्छेनें मान्यताप्राप्त संस्थेंत उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतें. उपचार अर्धवट टाकल्यास मात्र तें काढून घेतां येतें. विकणारा व बळी पडलेला यांतील हा भेद कायद्यास कळतो, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांस कां कळूं नये?

उपचाराची वाटही जवळच आहे. फादर ज्यो परेरा यांनीं १९८१ सालीं वांद्र्यांत सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचें केंद्र आपल्या वसईंत आहे. योगाभ्यास व व्यसनमुक्तांची परस्परसोबत यांवर तेथें भर असतो. पुण्यास डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं मुक्तांगण उभें केलें, त्यास पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचें साह्य लाभलें. ज्यांस कोठें जावें हें सुचत नाहीं, त्यांच्यासाठीं सरकारचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनी आहे.

आमच्या व्यापारी बंधूंस एकच विनंती आहे. दुकानांतील गड्यानें किंवा कारकुनानें उपचारासाठीं रजा मागितली, तर ती द्यावी आणि परत येईपर्यंत त्याची जागा राखावी. बरा होऊन आलेल्या मनुष्यास काम मिळालें नाहीं, तर त्याला गुत्त्याखेरीज ओळखीचें ठिकाण उरत नाहीं. ज्या घरांत आज हें दुःख दडलें आहे, त्यांनीं आज सायंकाळींच दार उघडावें. आणि शेजाऱ्यांनीं त्या उघड्या दाराकडे बोट दाखवूं नये.