अंग भरलेले, पण रक्त कमी

अंगाने भरलेले माणूस रक्तानेही भरलेले असते, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. सून वाळली की घरची वडीलधारी माणसे काळजी करतात; लठ्ठ झाली की 'खाल्लेले अंगी लागले' म्हणून समाधान मानतात. पण लठ्ठ माणसालाही रक्तक्षय होतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला आणि 24 टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते. काहींच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी एकदमच येतात.

असे का व्हावे? रक्तातील पेशी हाडांच्या मगजात तयार होतात. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, म्हणून नव्या पेशींचे काम रोज चालू ठेवावे लागते. त्यासाठी लोह लागते.

चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. ती फार वाढली की तिच्यात मंद दाह सुरू होतो. लाली नाही, ठणका नाही, म्हणून तो कळत नाही. या दाहाचा इशारा मिळाला की यकृत 'हेपसिडिन' नावाचे द्रव्य जास्त सोडते. त्यामुळे आतड्यातून लोह रक्तात कमी येते आणि साठ्यातले लोहही अडकून पडते. कणगीत धान्य आहे, पण किल्ली सापडत नाही, अशी गत होते.

मुळात ही सोय चांगलीच आहे. रोगजंतूंनाही वाढायला लोह लागते. म्हणून तापात शरीर ते चार दिवस लपवून ठेवते. लठ्ठपणात मात्र दार वर्षानुवर्षे अर्धवट बंद राहते. उलट पांढऱ्या पेशी वाढतात. त्यांतल्या काही चरबीत शिरून दाह वाढवतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे.

तेव्हा वाचकहो, सतत थकवा, धाप किंवा चक्कर असेल, तर अंगकाठी पाहून निर्णय करू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते 12 पेक्षा आणि पुरुषात 13 ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर रक्तक्षय समजतात. पाळीत जास्त रक्त जाणे, जंत अशी कारणेही असतात. ती डॉक्टरांनाच शोधू द्या. लोहाच्या गोळ्या त्यांच्या सल्ल्याने घ्या.

कमरेचा घेर स्त्रियांत 80 आणि पुरुषांत 90 सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल, तर तो उतरवायला लागा. वजन उतरले की हेपसिडिन कमी होऊन लोह पुन्हा वापरात येऊ लागते. पण त्यासाठी उपास काढू नका. रक्ताला अन्न हवेच. तेल-साखर आवरा, उसळी आणि पालेभाज्या वाढवा, जेवताना लिंबू पिळा. जेवणाला लागून चहा नको, कारण तो लोह शोषू देत नाही.