संपर्कशोध : भ्रमणध्वनीचा आणि वैद्याचा

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध रोगीपरीक्षा आपल्या शास्त्राने सांगितली आहे, हे या नियतकालिकाच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. २०२० साली कोविडची साथ आली आणि या तिन्हींची कसोटी लागली. दर्शन मुखपट्टीआड गेले, स्पर्शन निषिद्ध ठरले, आणि ‘तू कोणाच्या सान्निध्यात होतास?’ हा साथीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारण्याचे काम आपण भ्रमणध्वनीतील एका अॅपकडे सोपविले. चिकित्सालये व औषधशाळा चालविणाऱ्या आपल्यासारख्यांवर तर ते अॅप कर्मचाऱ्यांकडून वापरवून घेण्याची जबाबदारीही येऊन पडली. त्या अनुभवाचा लेखाजोखा आता शांतपणे मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यात आमच्या स्वतःच्या चुकीचाही भाग आहे. तो वगळून लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आदेश आणि यंत्रणा

महाराष्ट्रातील पहिले कोविडबाधित रुग्ण पुण्यात आढळले. ९ मार्च २०२० रोजी परदेश प्रवासाहून परतलेल्या दोघांना नायडू रुग्णालयात दाखल करण्यात आले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. औषधनिर्मिती अत्यावश्यक सेवांत असल्याने आमची नऊ कर्मचाऱ्यांची लहानशी औषधशाळा मात्र चालूच राहिली. २ एप्रिल रोजी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने तयार केलेले ‘आरोग्य सेतू’ अॅप केंद्र सरकारने जनतेसमोर आणले. १ मे रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने काढलेल्या आदेशात सरकारी व खासगी अशा सर्व कर्मचाऱ्यांना ते अनिवार्य करण्यात आले, आणि शंभर टक्के कर्मचाऱ्यांकडे ते असल्याची खात्री करणे हे आस्थापनेच्या प्रमुखाचे दायित्व ठरविण्यात आले. पुढे १७ मे रोजीच्या आदेशात ही भाषा सौम्य झाली. ज्यांच्याकडे योग्य भ्रमणध्वनी आहे त्यांनी अॅप घ्यावे यासाठी मालकाने शक्य तो प्रयत्न करावा, असे त्यात म्हटले होते. साध्या फोनसाठी १९२१ या क्रमांकाची सोय त्याच महिन्यात करण्यात आली.

या अॅपची कार्यपद्धती थोडक्यात अशी. अॅप असलेले दोन भ्रमणध्वनी जवळ आले की ब्लूटूथद्वारे ते एकमेकांची सांकेतिक ओळख नोंदवून ठेवीत. जीपीएसवरून ठिकाणाचीही नोंद होई. त्यांपैकी एखाद्याचा धारक पुढे चाचणीत बाधित आढळला, तर त्याच्या फोनमधील नोंदी मध्यवर्ती यंत्रणेकडे जात आणि संबंधितांना धोक्याची सूचना मिळे. धोका नसल्यास पडद्यावर हिरवा रंग दिसे. कल्पना स्तुत्य होती, याविषयी शंका नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचे नाव कोणता रुग्ण सांगू शकणार? अशा ठिकाणी यंत्राचा उपयोग होणे शक्य होते. प्रश्न आहे तो कामाच्या जागेचा, जिथे सर्व जण एकमेकांना नावाने ओळखतात.

नऊ माणसे आणि एक कपाट

आमच्या नऊ जणांपैकी पाच जणांकडे स्मार्टफोन होते आणि दोघांकडे साधे. उरलेल्या दोघांच्या घरी एकच फोन होता, आणि जूनपासून मुलांचे वर्ग त्यावर भरू लागल्याने तो घरीच राहू लागला. म्हणजे शंभर टक्क्यांचा हिशेब आरंभीच कोलमडला. त्याहून गमतीची गोष्ट पुढेच आहे. चूर्ण व वटी विभागात स्वच्छतेच्या दृष्टीने फोन नेऊ द्यावयाचा नाही, असा आमचा जुना नियम. त्यामुळे सकाळी आल्यावर सर्वांचे फोन बाहेरच्या कपाटात ठेवले जात. दिवसभर ते पाचही फोन एकमेकांना खेटून पडलेले असत आणि एकमेकांच्या नोंदी घेत असत. त्यांचे मालक मात्र कोणी कुटण्याच्या खोलीत, कोणी भट्टीवर, तर कोणी बाटल्या भरण्याच्या टेबलाशी असत. दुपारी गच्चीवर डबे उघडले जात तेव्हाही फोन कपाटातच. यंत्राच्या लेखी जे दिवसभर एकत्र होते ते प्रत्यक्षात वेगळे होते, आणि जे प्रत्यक्षात एका ताटातील लोणचे वाटून घेत होते त्यांची नोंद कुठेच नव्हती. ब्लूटूथला भिंत कळत नाही, मुखपट्टी कळत नाही, उघडी खिडकीही कळत नाही. वाड्यातील सामाईक भिंतीला लागून ज्यांचा दवाखाना आहे, त्यांना हे अधिक सांगावयास नको.

तरीही आम्ही आदेशाच्या धाकाने प्रवेशद्वारापाशी एक फळा लावला. ‘अॅप न दाखविल्यास प्रवेश नाही. ताप लपविल्यास वेतन कापले जाईल.’ आपण कर्तव्य बजावले, असे त्या वेळी आम्हांस वाटले.

जुलैमध्ये पुण्यात पुन्हा दहा दिवसांची टाळेबंदी झाली. ती उठल्यानंतरच्या आठवड्यात आमच्या चूर्ण विभागातील एक तरुण कर्मचारी तीन दिवस ताप अंगावर काढून कामावर येत राहिला. दाराशी तो फोन दाखवी, पडदा हिरवा. चार्जिंग वाचविण्यासाठी ब्लूटूथ तो बंदच ठेवी, हे नंतर कळले. आमच्याच औषधशाळेतील काढा घेत असल्याने आपल्याला काही होणार नाही, असाही त्याचा समज झाला होता. तो समज दूर करणे आमचे काम होते; ते आम्ही केले नव्हते. चौथ्या दिवशी बाटल्या भरणाऱ्या मावशी आमच्याकडे येऊन हळूच म्हणाल्या, “साहेब, त्याला वास येत नाही म्हणतो. पण त्याला रागावू नका. फळ्यावर तुम्हीच लिहिलंय ना, पगार कापू म्हणून. आणि गल्लीला पत्रे लागले तर त्याच्या आईनं भाजी कुठं विकायची?”

चाचणीत तो बाधित आढळला. त्याच्या सोबत डबा खाणारे दोघेही बाधित निघाले. त्यांपैकी एकाच्या वडिलांना अकरा दिवस प्राणवायूवर ठेवावे लागले. ते सुखरूप घरी परतले, हे आमचे भाग्यच म्हणावयाचे. पण त्या अकरा दिवसांत आम्हांला स्वतःलाच एक प्रश्न विचारावा लागला. त्या मुलाचे तोंड कोणी बंद केले होते? उत्तर प्रवेशद्वारापाशी आमच्याच अक्षरात लिहिलेले होते.

लपविण्याचे मूळ

भीतीने आजार लपविला जातो, हा धडा पुण्याने यापूर्वीही घेतलेला आहे. साथरोग अधिनियम हा कायदा १८९७ सालचा, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या निमित्ताने झालेला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच पुन्हा लागू करण्यात आला. १८९७ मध्ये रँडच्या अधिकाराखाली सैनिक पुण्यातील घराघरांत शिरून रुग्ण शोधीत असत. त्याचा परिणाम असा झाला की लोक रुग्णांना लपवू लागले. याच प्लेगच्या काळात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. रुग्ण शोधण्याचे हे दोन मार्ग एकाच शहराने एकाच वर्षी पाहिले. एकापासून रुग्ण दूर पळत होता. दुसऱ्याकडे तो स्वतः जात होता. १८९७ च्या दडपशाहीशी एका अॅपची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु सांगणाऱ्याला शिक्षा होणार असेल तर तो सांगणार नाही, हा न्याय दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

परदेशांतील अनुभवही याच दिशेने बोट दाखवितो. सिंगापूरने मार्च २०२० मध्येच असे अॅप आणले होते. त्यातील माहिती गुन्हे तपासासाठी पोलिसांना मिळू शकते, हे जानेवारी २०२१ मध्ये उघड झाले तेव्हा तेथे मोठी नाराजी पसरली आणि पुढील महिन्यात कायदा करून तो वापर गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करावा लागला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला होता, तरी वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा २०२० मध्ये नव्हता. तो २०२३ मध्ये झाला. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी अॅपच्या सक्तीस कायद्याचा आधार नसल्याचे त्या वेळी जाहीरपणे म्हटले होते. ११ मे २०२० रोजी सरकारने माहिती वापरण्याची व ती ठराविक मुदतीत नष्ट करण्याची नियमावली काढली. अँड्रॉइड आवृत्तीची संगणकीय संहिताही त्याच महिन्यात खुली करण्यात आली. अखेर २०२२ मध्ये संपर्कशोधाची सोय बंद करण्यात आली.

शास्त्राची दृष्टी

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी औपसर्गिक रोगांच्या संक्रमणाची कारणे सांगितली आहेत. निकट संग, अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एका शय्येवर वा आसनावर बसणे, तसेच दुसऱ्याची वस्त्रे, माला व लेप वापरणे, अशी ती यादी आहे. ही यादी संपर्कशोधाची प्रश्नावली म्हणून वाचून पाहावी. कोणाबरोबर जेवलास? कोणाशेजारी बसलास? कोणाचा टॉवेल वापरलास? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर भ्रमणध्वनी देऊ शकत नाही. सान्निध्य यंत्र मोजू शकेल; संपर्क मात्र माणूसच सांगू शकतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचा अध्याय याच्याही पुढे जातो. प्रकृती, आहार, बल भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने कशी ग्रासली जातात, या प्रश्नाचे उत्तर वायू, उदक, देश व काल या सर्वांना समान असलेल्या भावांत शोधावे, असे तेथे सांगितले आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा याचा प्रत्यय आला. हा विकार माणसाकडून माणसाला होत नाही. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आढळला आणि लक्ष पिण्याच्या पाण्याकडे वळले. कोण कोणाच्या जवळ होते, हे मोजणारे यंत्र येथे निरुपयोगी ठरले असते. ‘पाणी कोठले पितोस?’ हा प्रश्नच येथे कामाचा होता. म्हणून साथ कोणतीही असो, आधी प्रश्न कोणता विचारावयाचा हे ठरवावे लागते, आणि ते वैद्याचे काम आहे.

आमची वही

ऑगस्ट २०२० मध्ये आम्ही तो फळा उतरविला. आजारी पडल्यास चौदा दिवसांचे पूर्ण वेतन मिळेल, असे सर्वांना एकत्र बसवून सांगितले आणि पहिल्या विलगीकरणाचे पैसे त्या तरुणाच्या हाती दिले. अॅप ज्यांच्याकडे होते त्यांनी ते ठेवले. आमचा त्यास विरोध नव्हता. शिवाय एक साधी वही सुरू केली. तिच्यात चार रकाने : काम कोणासोबत, डबा कोणासोबत, प्रवास कोणासोबत, घरी कोणी आजारी आहे काय. वही आमच्या कुलपात राही. एकाची नोंद दुसऱ्यास दाखवावयाची नाही आणि महिन्याहून जुनी पाने फाडून टाकावयाची, असे ठरले.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचा जोर असताना एके दिवशी सकाळी साडेसहा वाजता फोन वाजला. पॅकिंग विभागातील ताई बोलत होत्या. “साहेब, रात्रीपासून अंग दुखतंय आणि चहाला चवच नाही. मी आज येत नाही. काल मावशी आणि मी एकत्र जेवलो, त्यांनाही येऊ नका म्हणून सांगा.” वही उघडण्यापूर्वीच संपर्कशोध पूर्ण झाला होता. ताई बाधित निघाल्या. औषधशाळेत त्या वेळी दुसरे कोणीही आजारी पडले नाही. एवढ्याशा उदाहरणावरून मोठा सिद्धांत मांडण्याचे धाडस आम्ही करणार नाही. दोन वेळांमध्ये मात्र एवढाच फरक होता, की दुसऱ्या वेळी सांगण्याची किंमत सांगणाऱ्याला मोजावी लागणार नव्हती.

औषधशाळा व चिकित्सालये चालविणाऱ्या बंधू-भगिनींना आमची नम्र विनंती एवढीच. पुढील साथीत नवे अॅप येईल, कदाचित अधिक चांगले येईल. त्याचा अवश्य लाभ घ्यावा. पण ते घेण्यापूर्वी आजारपणातील वेतनाचा नियम लेखी करावा, आरोग्याची माहिती कोण पाहील व केव्हा नष्ट होईल हे कर्मचाऱ्यांना सांगावे, ज्याच्याकडे फोन नाही त्याला दाराबाहेर ठेवू नये, आणि आपल्याच औषधाने कोणी निर्धास्त होत नाही ना, याकडे लक्ष द्यावे. तो जुना फळा आम्ही टाकून दिलेला नाही. भांडारात, काढ्याच्या रिकाम्या पिंपांमागे, तो अद्याप उभा आहे. पुन्हा कधी असा आदेश लिहिण्याचा प्रसंग आला, तर आधी तो एकदा वाचून पाहावयाचा, असे आम्ही ठरविले आहे.