मुंगीची शिकवणी

या देशात साठ-सत्तरच्या दशकांत आलेल्या मंडळींना दारातल्या दुधाच्या बाटल्या नक्की आठवत असतील. दूधवाला पहाटे बाटल्या ठेवून जाई, आणि आपण दार उघडेपर्यंत ब्ल्यू टिट नावाचा चिमणीहून लहान, निळा-पिवळा पक्षी झाकणाला भोक पाडून वरची साय फस्त करून गेलेला असे. या चोरीची पहिली नोंद १९२१ सालची, साउदॅम्प्टनजवळच्या स्वेथलिंगची. जेम्स फिशर आणि रॉबर्ट हाइंड यांनी १९४९ मध्ये ठिकठिकाणच्या नोंदी जमवून ही विद्या कशी पसरली ते दाखवले. पक्षी एकमेकांना शिकवतात, असा अर्थ त्यातून पुष्कळांनी काढला.

पण शिकणे वेगळे आणि शिकवणे वेगळे. १९८४ साली कॅनडात डेव्हिड शेरी व बेनेट गेलेफ यांनी टिटच्याच कुळातल्या पक्ष्यांपुढे आधीच उघडलेली सायीची डबी ठेवली. तेवढ्यावरून काही पक्षी बंद डबीही उघडू लागले. गुरू तिथे नव्हताच! आम्ही संगणकवाले दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचून शिकतो, तसाच हा प्रकार. लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

मग शिकवणे कशाला म्हणायचे? कॅरो आणि हाउझर यांनी १९९२ मध्ये कसोटी घालून दिली. अजाण प्राणी समोर असेल तेव्हाच जाणत्याने आपले वागणे बदलायला हवे. त्यात त्याला काही झीज सोसावी लागावी, निदान तत्काळ फायदा नसावा. आणि शिष्याला एरवीपेक्षा लवकर ज्ञान मिळावे.

या कसोटीला उतरली कोण, तर मुंगी. ब्रिस्टल विद्यापीठातल्या नायजेल फ्रँक्स व टॉम रिचर्डसन यांनी २००६ मध्ये हे दाखवले. डॉर्सेटच्या किनाऱ्यावर खडकांच्या फटींत राहणारी ही मुंगी दोन-तीन मिलिमीटरची. खाद्य सापडले की ती एकाच मैत्रिणीला मागे घेऊन निघते. मागची वाटेतल्या खुणा पाहायला थांबते, गिरक्या घेते. पुढची तोवर खोळंबते. मागचीने मिशांनी पायांना, पोटाला टकटक केले की मगच पुढचे पाऊल. पोच आल्याशिवाय पुढचा मजकूर धाडायचा नाही, हा आमच्या नेटवर्कचा नियम तिने आधीच अंगीकारलेला दिसतो. एकटी गेली असती तर ती सुमारे चौपट वेगाने पोचली असती. शिष्या वाटेत हरवली तर गुरू वाट पाहते, आणि जितके अंतर दोघींनी मिळून कापलेले असेल तितकी जास्त वेळ पाहते, हे २००७ मध्ये दिसून आले.

ही नुसती वाट दाखवणे झाले, कौशल्य कुठे शिकवले, असा आक्षेप आहे. तो मानणारे कालाहारीतल्या मीरकॅटचे नाव घेतात: पिल्लाला आधी मेलेला विंचू, मग नांगी काढलेला, शेवटी जिवंत. अभ्यासक्रम नामी आहे खरा. पण मोठ्या पिल्लांच्या आवाजाची ध्वनिफीत लावली, तेव्हा मोठ्यांनी लहानग्यांनाही जिवंत भक्ष्य आणून दिले. इयत्ता आवाजावरून ठरते, तयारीवरून नव्हे. माझ्या मते शिष्याची पोच घेणारी मुंगीच अधिक चांगली मास्तरीण.

याच मुंग्यांकडे दुसरीही रीत आहे. घर बदलताना त्या एकमेकींना उचलून नेतात. हे काम जोडीने चालण्यापेक्षा तिप्पट वेगाने होते. मात्र उचललेली मुंगी उलटी, तोंड मागे करून असते. तिला वाट कळत नाही असे मानतात. आपल्या घरांतून मूल फोनवर आजीशी मराठी बोलताना अडखळले, की शेजारचे कुणीतरी वाक्य पुरे करून टाकते. आजीला उत्तर मिळते, वेळही वाचतो. मूल मात्र उचलून नेलेले असते. उलट जोडीने चाललेली मुंगी पुढे स्वतः दुसरीला घेऊन निघू शकते.

मुंग्या दोन्ही रीती वापरतात, पण क्रमाने. नव्या जागेत पुरेशा जणी जमेपर्यंत जोडीने, टकटक करत चालायचे. तेवढ्या जमल्या की मग उरलेल्यांना उचलून आणायचे.