मोफत आणि मुक्त : घरच्या संगणकासाठी काही उपयुक्त साधने

शाळेच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने संगणकाविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. म्हणून आरंभीच खुलासा करतो. हा लेख आम्ही संगणकाचे जाणकार म्हणून लिहीत नाही. अज्ञानापायी संगणकात ठेवलेले मोलाचे काही गमावून बसलेला माणूस म्हणून लिहीत आहोत.

सन २००३ मध्ये आम्ही एक जुना संगणक विकत घेतला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला गेलेल्या आमच्या तालुक्यातील अकरा वृद्ध स्त्री-पुरुषांच्या मुलाखती तेव्हा आमच्याजवळ टेपवर होत्या. त्यांत आमची आत्याही होती. दीक्षेला जाण्यासाठी तिच्याजवळ पांढरे लुगडे नव्हते. तिने ते शेजारणीकडून मागून नेले आणि परत आल्यावर धुऊन, घडी करून द्यायला गेली, तेव्हा शेजारीण म्हणाली, “राहू दे तुझ्याकडंच.” अशा अकरा जणांच्या कहाण्या आम्ही रात्री जागून टंकित केल्या. मजकूर संगणकात आला, आता टेप कशाला अडवून ठेवायची, असे म्हणून त्याच कॅसेटवर स्नेहसंमेलनाची गाणी भरली.

पुढे संगणक बंद पडला. दुरुस्तीला देताना आत काय आहे ते आम्ही सांगितले नाही, आणि परत आला तेव्हा तो कोरा होता. एक सीडी तेवढी उरली होती. ती २०११ मध्ये दुसऱ्या संगणकावर उघडली, तर पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांचा नुसता खच होता. आत्या तोपर्यंत हयात नव्हती.

यात दोष आमचाच होता. त्या संगणकातील झाडून सर्व आज्ञावल्या, म्हणजे सॉफ्टवेअर, चोरीच्या प्रती होत्या. घालून देणाऱ्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. सकाळी परिपाठात मुलांबरोबर न दिलेले न घेण्याचे शील म्हणायचे आणि रात्री त्याच संगणकावर बसायचे, यातली विसंगती आम्हांला फार उशिरा जाणवली. विकतची आज्ञावली परवडत नाही, ही सबब तेव्हाही खरी नव्हती आणि आज तर मुळीच नाही. नेटक्या कामाची, कायदेशीर आणि बिनपैशाची साधने उपलब्ध आहेत. त्यांची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

फुकट काय आणि मुक्त काय

इंग्रजीत या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे तिकडे गोंधळ होतो. मराठीत सुदैवाने दोन शब्द आहेत. जी आज्ञावली पैसे न देता वापरता येते ती मोफत. जिची घडण कोणालाही पाहता येते, बदलता येते आणि जिच्या प्रती उघडपणे वाटता येतात ती मुक्त. या विचाराला चळवळीचे रूप दिले रिचर्ड स्टॉलमन यांनी. त्यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली हव्या त्या कामासाठी वापरणे, तिचा अभ्यास करून ती बदलणे, तिच्या प्रती इतरांना देणे आणि आपण केलेली सुधारणाही वाटणे, ही चार स्वातंत्र्ये म्हणजे या चळवळीचा पाया होय.

हा भेद व्यवहारातही उपयोगी पडतो. छायाचित्रे पाहण्यासाठी ‘इर्फानव्ह्यू’ नावाची सुटसुटीत आज्ञावली आहे. घरगुती आणि शैक्षणिक उपयोगासाठी ती मोफत आहे. धंद्यासाठी वापरायची तर परवाना घ्यावा लागतो. म्हणजे ती मोफत आहे, मुक्त नाही. या लेखात पुढे येणारी बहुतेक साधने मात्र दोन्ही आहेत. शेजाऱ्याला प्रत दिली तर चोरी होत नाही. उलट ती द्यावी अशीच अपेक्षा आहे.

मराठी लिहिणे

आमच्या सीडीचे असे का झाले, हे आधी सांगतो. पूर्वीचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून तयार केलेले असत. संगणक आत रोमन अक्षरच साठवी आणि फॉन्ट त्याला देवनागरीचा मुखवटा चढवी. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मुखवटा गळून पडे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःची जागा दिली. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतल्या आपल्या खास ‘ऱ’ लाही तिथे वेगळे स्थान आहे. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी कोणत्याही संगणकावर, कोणत्याही मोबाइलवर मराठीच राहते.

यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजमध्ये भाषांच्या यादीत मराठी निवडली की कळफलक मिळतो. त्यातील ‘इन्स्क्रिप्ट’ हा भारत सरकारने प्रमाणित केलेला कळफलक शिकावा, असा आमचा आग्रह आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. ‘क’ च्या कळीबरोबर शिफ्ट दाबले की ‘ख’, ‘ग’ च्या कळीबरोबर ‘घ’. रचना इतकी तर्कशुद्ध आहे की रोज अर्धा तास बसल्यास महिन्याभरात हात बसतो. देखण्या अक्षरासाठी ‘नोटो’ किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ गटाचा ‘मुक्ता’ हे फॉन्ट मुक्त परवान्याने मिळतात.

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी परिवर्तकेही मोफत मिळतात. मात्र मूळ फॉन्टचे नाव ठाऊक असावे लागते, आणि बदलानंतर जोडाक्षरे डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात.

कागदपत्रे आणि अर्ज

पत्र, अहवाल, जमाखर्च आणि सादरीकरण यांसाठी ‘लिब्रेऑफिस’ हा संच पुरेसा आहे. ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था तो सांभाळते आणि त्याची पहिली आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली. त्यातील आज्ञांची नावेसुद्धा मराठीत पाहता येतात. वर्डच्या फायली तो उघडतो. त्याचे स्वतःचे ‘ओडीएफ’ हे स्वरूप खुले आंतरराष्ट्रीय मानक आहे. उद्या हा संच कोणी बंद केला, तरी त्या फायली उघडण्याची रीत जगापुढे प्रसिद्ध आहे. मजकुराची किल्ली एकाच कंपनीच्या खिशात राहत नाही, हे महत्त्वाचे.

पालकांना सर्वाधिक त्रास होतो तो शिष्यवृत्ती आणि प्रवेशाच्या अर्जांचा. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका हे सारे ठराविक आकारात मागितले जाते आणि शेवटच्या दिवशी धावपळ होते. घरी स्कॅनर असेल तर ‘नॅप्स-टू’ ही छोटी आज्ञावली बसवावी. अनेक पाने स्कॅन करून ती एकाच पीडीएफमध्ये क्रमाने लावून देते. आधीच तयार असलेल्या पीडीएफ जोडण्यासाठी किंवा तोडण्यासाठी ‘पीडीएफसॅम बेसिक’ आहे. फोटो आणि सही ठरलेल्या केबीच्या आत बसवण्यासाठी ‘गिम्प’ वापरावे. आधी चित्राची लांबी-रुंदी कमी करावी, मग ‘जेपेग’ स्वरूपात निर्यात करताना पूर्वदृश्य सुरू ठेवून गुणवत्तेची पट्टी हळूहळू खाली सरकवावी. फाइल किती केबीची होईल ते तिथेच दिसते.

ही कामे घरी करण्यात आणखी एक लाभ आहे. आपल्या लेकरांचे दाखले आणि आधारची प्रत परक्या संगणकावर मागे राहत नाही. ईमेलने पाठवायचे असल्यास ‘सेव्हन-झिप’ने फायलींचे गाठोडे बांधून त्याला पासवर्ड लावता येतो.

छापील मजकूर पुन्हा टंकित करण्याचे कष्टही वाचू शकतात. ‘टेसरॅक्ट’ ही आज्ञावली चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर तयार करते आणि तिला मराठी येते. ‘नॅप्स-टू’मधूनच ती वापरता येते. स्वच्छ छपाईवर ती चांगले काम करते; हस्ताक्षरापुढे मात्र हात टेकते.

आवाज आणि चित्रफिती

आवाज ध्वनिमुद्रित करण्यासाठी ‘ऑडॅसिटी’ आहे. मुलाखतीच्या आरंभी दहा सेकंद कोणी काही बोलू नये. त्या शांततेत पंख्याची घरघर तेवढी नोंदली जाते. मग तोच नमुना आज्ञावलीला दाखवला की उरलेल्या ध्वनिमुद्रणातून ती घरघर बरीच कमी करता येते. मूळ प्रत ‘फ्लॅक’ स्वरूपात ठेवावी, कारण त्यात आवाजाचा कोणताही अंश गळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्यासाठी वेगळी ‘एमपीथ्री’ प्रत काढावी.

लग्नाच्या आणि जयंतीच्या मिरवणुकीच्या जुन्या व्हीसीडी अनेक घरांत पडून आहेत. त्या ‘व्हीएलसी’वर चालतात. या आज्ञावलीची जन्मकथा निवासी शाळेच्या स्मरणिकेत सांगण्याजोगी आहे. १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सेंट्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी, आपल्या वसतिगृहाच्या जाळ्यावरून चित्रफिती पाहता याव्यात म्हणून हा प्रकल्प सुरू केला. २००१ मध्ये तो मुक्त परवान्याखाली खुला झाला आणि आज तो जगभर वापरला जातो. वसतिगृहाच्या खोलीत सुरू झालेले काम कुठवर जाते, हे आमच्या मुलांनी ध्यानात घ्यावे.

दृष्टिहीनांसाठीच्या ‘एनव्हीडीए’ या साधनाचाही उल्लेख केलाच पाहिजे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी विकतची साधने फार महाग होती. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये स्वतःच हे मोफत साधन लिहायला घेतले आणि जेम्स टे हे त्याचे दृष्टिहीन मित्र त्याला येऊन मिळाले. ते मराठीही वाचते. ज्यांना अडचण होती त्यांनीच उत्तर शोधले आणि ते सर्वांना खुले केले.

जुना संगणक टाकून देण्यापूर्वी

‘विंडोज १०’चे नियमित सुरक्षा साहाय्य ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. त्यामुळे चालते संगणकही भंगारात निघू लागले आहेत. तसे करण्यापूर्वी ‘लिनक्स मिंट’ ही मुक्त कार्यप्रणाली वापरून पाहावी. ती पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते; पसंत पडली तरच संगणकात बसवावी, आणि बसवण्यापूर्वी आतील सर्व फायलींची प्रत काढावी. वर सांगितलेल्या साधनांपैकी बहुतेक तिच्यावर चालतात. केरळ राज्याने तर शासकीय शाळांतील संगणक शिक्षणच मुक्त कार्यप्रणालीवर उभे केले आहे.

जपणूक

चुकून पुसलेल्या फायली परत मिळवण्यासाठी ‘फोटोरेक’ आहे. चूक लक्षात येताच त्या कार्डावर किंवा डिस्कवर पुढे काहीही लिहू नये, आणि सापडलेल्या फायली दुसऱ्या डिस्कवर ठेवाव्यात. कारण पुसलेली फाइल तिच्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंतच शिल्लक असते.

पण खरे उत्तर आधीच प्रती ठेवणे हे होय. महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. हे काम ‘फ्रीफाइलसिंक’ सोपे करते. संगणक आणि बाहेरची डिस्क यांतील फरक दाखवून नवे तेवढे उतरवून घेते.

एक सावधगिरीची सूचना द्यायची आहे. यातील कोणतेही साधन त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे. नामांकित मुक्त आज्ञावल्यांच्या नावाने भलतेच काही संगणकात घुसवणारी ठिकाणे पुष्कळ आहेत. बसवताना प्रत्येक पान वाचावे. नको त्या जोडसाधनापुढची खूण काढून टाकावी. आणि ‘क्रॅक’ नावाचा प्रकार घरात येऊ देऊ नये. त्यातून चोरी तर होतेच, शिवाय चोरालाही दार उघडे मिळते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून शेवटी एकच सांगतो. बाबासाहेबांचे बरेच लेखन त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिले होते. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून शासनाचे खंड निघू लागले, ते हे कागद कोणी ना कोणी सांभाळले होते म्हणून. मोठ्या माणसाचे कागद सांभाळले जाण्याची आशा तरी असते. साध्या माणसाची आठवण त्याच्या घरच्यांनीच जपावी लागते.

आमच्या त्या सीडीतील मजकूर पुढे परिवर्तकाने वाचता आला. अकरांपैकी पाच मुलाखती परत मिळाल्या. त्यांत आत्याची आहे. लुगड्याची हकिकत तिच्या शब्दांत आहे. तिचा आवाज नाही. तो आम्हीच गाण्यांखाली पुसला.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे की, यातील सारी साधने एकदम बसवू नका. या सुटीत एकच बसवा, घरातील सर्वांत वडील माणसाजवळ बसा आणि त्यांना बोलू द्या. मग त्या ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती करा. एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात आणून दिलीत, तर ती जपण्याची जबाबदारी आम्ही आनंदाने घेऊ.