अडुळसा : कुंपणातले औषध

महाराष्ट्रात शेताच्या बांधावर आणि परसाच्या कुंपणाला अडुळसा हमखास लावलेला दिसतो. त्याची पाने इतकी कडू असतात की गुरे-शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत. लांबट, टोकदार पाने आणि पांढऱ्या फुलांचे तुरे ही त्याची ओळख.

घरगुती औषधात पानांचा मान मोठा. पाने वाफवून किंवा गरम करून रस पिळतात आणि खोकला व छातीत साठलेल्या कफावर तो मधातून देतात. आयुर्वेदात याला ‘वासा’ म्हणतात. खोकला, दमा आणि रक्तपित्त या विकारांत त्याचा उपयोग सांगितला आहे. वासावलेह हा त्याचाच प्रसिद्ध कल्प.

पानांच्या गुणांमागे मुख्यतः ‘व्हॅसिसीन’ हे अल्कलॉइड आहे. त्याचे ऑक्सिडीकरण झाले की ‘व्हॅसिसिनोन’ तयार होते. व्हॅसिसिनोन श्वासनलिका सैल करण्यास मदत करते, असे प्रयोगांत दिसले आहे. व्हॅसिसीनच्या रचनेवरूनच विसाव्या शतकात ‘ब्रोमहेक्झिन’ हे कफ पातळ करणारे औषध घडवले गेले. पुढे आलेले ‘अँब्रोक्सॉल’ हे शरीरात ब्रोमहेक्झिनपासूनच बनणारे द्रव्य. आज खोकल्याच्या अनेक औषधांत ही दोन्ही सापडतात.

मात्र व्हॅसिसीनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकते. त्यामुळे गरोदर स्त्रियांनी अडुळसा घेऊ नये. लहान मुलांना देण्यापूर्वी वैद्यांना विचारावे. खोकला लांबला किंवा थुंकीतून रक्त पडले, तर काढ्यावर विसंबून न राहता तातडीने तपासणी करून घ्यावी.