शाळेतील नवा स्मार्ट दूरचित्रवाणी संच : पेटी उघडल्यानंतरचे काम

जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात स्मार्ट दूरचित्रवाणी संच ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. लोकवर्गणीतून, पंचायतीच्या निधीतून अथवा एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या देणगीतून संच येतो, भिंतीवर चढतो, नारळ फुटतो आणि छायाचित्र निघते. सहा महिन्यांनी त्याच शाळेत गेल्यास मात्र पुष्कळदा असे आढळते की, संचावर कापड घातलेले आहे आणि 'नेट नसते' किंवा 'मागच्या मुलांना दिसत नाही' असे उत्तर मिळते. संचात दोष क्वचितच असतो. तो कारखान्यातून येतो तो दुकानातील झगमगाटासाठी वा घरातील बैठकीसाठी जुळविलेला असतो. वर्गासाठी तो आपणच जुळवून घ्यावयाचा असतो. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, आणि तेच नेमके कोणाकडेही सोपविलेले नसते.

सामुदायिक दूरचित्रवाणीचा आपल्या देशाचा अनुभव जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगात एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्यात आले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. परंतु त्या प्रयोगातील एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. केवळ संच देऊन तेथे काम संपले नाही. देखभाल व दुरुस्तीची व्यवस्था हा योजनेचाच भाग मानण्यात आला होता. आजचा संच त्या काळच्या कृष्णधवल संचाहून कितीतरी सरस आहे, पण ही गरज काही मिटलेली नाही.

प्रथम जागेचा विचार करू. संचाचा आकार इंचांत सांगतात तो पडद्याच्या कर्णाचा असतो, उंचीचा नव्हे. ४३ इंची संचाच्या पडद्याची उंची जेमतेम २१ इंच भरते, ५५ इंचीची २७ इंच. पडद्यावरील मजकूर वाचावयाचा असेल तर शेवटचा प्रेक्षक पडद्याच्या उंचीच्या सुमारे सहापटीपेक्षा दूर नसावा, असा एक सर्वसाधारण हिशेब आहे. त्यानुसार ४३ इंची संच साडेदहा फुटांपर्यंत, ५५ इंची साडेतेरा फुटांपर्यंत आणि ६५ इंची सोळा फुटांपर्यंत उपयोगी पडतो. वीस फूट लांबीच्या खोलीत शेवटच्या रांगेतील मुलाला ४३ इंची पडद्यावरील नकाशातील गावांची नावे वाचता येत नाहीत, ती यामुळेच. खरेदीच्या वेळी 'फोर-के'चा फार गवगवा होतो. त्या पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६० म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात हे खरे. पण अठरा फुटांवरून ते बिंदू डोळ्याला वेगळे दिसतच नाहीत. तेवढ्याच पैशात मोठा पडदा मिळत असेल तर शाळेने तो घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. संच आधीच लहान आला असल्यास मुलांना खाली सतरंजीवर पुढे बसवावे आणि दाखवावयाचा मजकूर ठळक अक्षरांत करून घ्यावा. मुख्याध्यापकांनी एकदा स्वतः शेवटच्या रांगेत बसून पाहावे. याहून चांगली कसोटी नाही.

संच खिडकीसमोरच्या भिंतीवर लावल्यास पडद्यात खिडकीच दिसते. खिडकीच्याच भिंतीवर लावल्यास बाहेरच्या उजेडाने मुलांचे डोळे दिपतात. म्हणून खिडक्यांना काटकोनात असलेली भिंत निवडावी. अनेक संचांत कडेने पाहिल्यास रंग फिके पडतात, तेव्हा मुले अगदी कोपऱ्यांत बसणार नाहीत हेही पाहावे.

आता चित्राकडे वळू. संच प्रथम चालू करताना तो 'होम' की 'शॉप' असे विचारतो. तेथे 'होम' निवडावे. 'शॉप' निवडल्यास चित्र भडक राहते आणि जाहिरातीच्या पट्ट्या पडद्यावर येत राहतात. चित्राच्या प्रकारांतील 'व्हिव्हिड' हा प्रकार दुकानात नजर वेधून घेण्यासाठी असतो. त्यात आकाश अतिनिळे व माणसांचे चेहरे तांबूस दिसतात. 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' हा प्रकार घेऊन वर्गात उजेड असेल त्या मानाने प्रकाश वाढवावा. 'शार्पनेस' कमी करावा. तो वाढविल्याने तपशील वाढत नाही, अक्षरांभोवती पांढरी कड मात्र येते. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो. पुष्कळ संच मधली चित्रे स्वतःच तयार करून हालचाल गुळगुळीत करतात, त्यामुळे जुना चांगला माहितीपटही नाटकाच्या चित्रीकरणासारखा भासतो. ही सोय निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी देतात. 'मोशन' हा शब्द दिसेल तेथे ती बंद करावी. संगणक जोडल्यावर तक्त्याची शेवटची ओळ किंवा नकाशाची कड कापली जात असेल, तर संच चित्र किंचित मोठे करून दाखवीत आहे असे समजावे व चित्राच्या मापात 'स्क्रीन फिट' किंवा तशा अर्थाचा पर्याय निवडावा.

आवाजाची तक्रार सर्वांत जास्त आणि उपाय सर्वांत सोपा. पातळ संचाचे ध्वनिक्षेपक खाली किंवा मागे तोंड करून असतात. पत्र्याच्या छपराखाली तो आवाज घुमतो आणि शब्द कळत नाहीत. मुलांच्या दिशेने तोंड केलेला एक साधा बाहेरील ध्वनिक्षेपक जोडला म्हणजे काम भागते.

इंटरनेट नसल्यास स्मार्ट संच निरुपयोगी, हा समज मात्र घालविला पाहिजे. स्पष्ट चित्राची चित्रफीत थेट पाहण्यास सेकंदाला सुमारे पाच मेगाबिटचा स्थिर वेग लागतो व तासाला दीड ते तीन जीबी डेटा खर्च होतो. तो रोज परवडणारा नाही. पण 'दीक्षा' मंचावरील अनेक पाठ शिक्षकांना फोनमध्ये आधी उतरवून ठेवता येतात, आणि फोन केबलने अथवा 'स्क्रीन मिररिंग'ने संचाला जोडला की वर्गात नेटची गरज राहत नाही. शाळेने स्वतः तयार केलेल्या चित्रफिती पेन ड्राइव्हवरून चालतात. पेन ड्राइव्ह 'फॅट-३२' पद्धतीचा असल्यास त्यावर चार जीबीहून मोठी फाइल जात नाही, एवढे ध्यानात ठेवावे. शिवाय २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम ई-विद्या उपक्रमाच्या शैक्षणिक वाहिन्या डीडी फ्री डिशवर आहेत. तबकडी व सेट-टॉप बॉक्सचा खर्च एकदाच होतो. मासिक शुल्क नाही.

विजेबाबत सांगावयाचे तर, कडाडणाऱ्या पावसात रिमोटने संच बंद करणे पुरेसे नाही. प्लग आणि तबकडीची तार दोन्ही काढावीत, कारण विजेचा झटका तारेवाटेही येतो. सॉकेटला अर्थिंग आहे की नाही हे संच लावण्यापूर्वीच तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे. विजेच्या बिलाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. १०० वॉट घेणारा संच दहा तास चालला तर एक युनिट होते.

शेवटची बाब थोडी नाजूक आहे. बहुतेक शाळांत संच एखाद्या उत्साही गुरुजींच्या खासगी खात्यावर सुरू झालेला असतो. परिणामी गणिताच्या तासाला त्यांच्या घरी पाहिल्या जाणाऱ्या मालिकांच्या शिफारशी पडद्यावर येतात, आणि त्यांची बदली झाली की पासवर्डही त्यांच्याबरोबर जातो. म्हणून शाळेच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडावे आणि त्याचा पासवर्ड व संचाचा पिन मुख्याध्यापकांच्या कार्यभार यादीत नोंदवावा. पाहणाऱ्याची माहिती कंपनीकडे पाठविण्याची सोयही अनेक संचांत असते. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीला संमतीशिवाय अशी माहिती गोळा केल्याबद्दल २०१७ मध्ये २२ लाख डॉलर द्यावे लागले. आपल्याकडील २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई करणारी तरतूद आहे. सुरुवातीला संच एकामागून एक संमती विचारतो, तेव्हा घाईने सर्वांना 'होय' म्हणू नये. 'व्ह्यूइंग डेटा' व जाहिरातींविषयीच्या संमती नाकारल्या तरी संच व्यवस्थित चालतो.

काही वर्षांनी कंपनी जुन्या संचासाठी सुधारणा पाठविणे थांबवील आणि एकेक ॲप बंद पडेल. तेव्हा संच मोडीत काढण्याचा ठराव घाईने करू नये. एचडीएमआयच्या खाचेत एक लहानशी स्टिक किंवा शाळेचा संगणक जोडला, तर तोच पडदा पुढेही बिनतक्रार काम देतो.